आधार कशाला, वाचणारा माणूस बसवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारच्या अंकात एका वाचकांचं पत्र होतं. बातम्यांखाली जी शिवीगाळ चालते तिच्यावर त्यांनी उपाय सुचवलाय: प्रतिक्रिया लिहिणाऱ्याला आधार क्रमांक सक्तीचा करा, खरं नाव दिसायला लागलं की जिभेला आपोआप हाड फुटेल. पत्र पोटतिडिकीने लिहिलेलं होतं आणि चिडण्याचं कारणही खरं आहे. उपाय मात्र मला पटला नाही. का पटला नाही ते दीडशे शब्दांत सांगता येणार नाही. तुमच्या चौकटीखाली तशी मर्यादा छापलेली असते हे मला ठाऊक आहे. अशीच एक चौकट मी स्वतः सत्तावीस वर्षं चालवली. तेव्हा कापायचं तिथे कापा, फक्त मधली डंपरची हकीगत तेवढी राहू द्या.

१९८२ साली मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका जिल्हा दैनिकात मुद्रितशोधक म्हणून लागले. वर्षभरात 'वाचकांचा पत्रव्यवहार' माझ्या गळ्यात पडला, कारण बाकी कोणालाच तो नको होता. (ते दैनिक आता नाही. त्या जागेत पतसंस्था आहे.) रोज पंचवीस-तीस पत्रं यायची, त्यातली बहुतेक पंधरा पैशांची कार्डं. पहिल्या दिवशी आमच्या वृत्तसंपादकांनी मला दोन वस्तू दिल्या. एक लाल बॉलपेन आणि दुसरी लाकडी ठोकळ्यावर उभी केलेली तार. नाव-पत्ता नसलेलं पत्र, मजकूर कितीही चटकदार असो, तारेला टोचायचं. नाव-पत्ता असेल तर त्या गावच्या बातमीदाराला विचारायचं, की असा माणूस खरंच आहे का आणि कार्ड त्यानेच टाकलंय का. बातमीदार नसेल तिथे जोडकार्ड, म्हणजे उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेलं, पाठवायचं. मी म्हटलं, चार ओळींच्या पत्राला एवढा सोपस्कार? तेव्हा त्यांनी मला कोल्हापूर प्रकरण ऐकवलं. टिळक आणि आगरकरांनी दिवाण बर्व्यांवर लिहिलं ते हाती आलेल्या पत्रांच्या भरवशावर; पत्रं बनावट निघाली, आणि १८८२ साली दोघांनी १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. "पत्र कुणाचंही असू दे बाई, छापलं की आपलं," एवढं बोलून ते जेवायला गेले.

नाव दिलं की माणूस सभ्य होतो, हा समज माझ्या डोक्यातून पहिल्या दोन महिन्यांतच गेला. आमच्या गावात एक पेन्शनर गृहस्थ होते. दर आठवड्याला त्यांचं आंतर्देशीय यायचं. खाली पूर्ण नाव, पदवी, घर क्रमांक, पिनकोड आणि त्यावर जांभळ्या शाईचा रबरी शिक्का. त्यांच्या दारासमोरच्या रस्त्यावर भाजीवाल्या बायका बसायच्या. त्या बायकांबद्दल ते जे लिहायचे ते मी घरी नवऱ्यालाही वाचून दाखवू शकले नसते. मी लाल पेन घेऊन बसायची. बायकांच्या चारित्र्याबद्दलचं गेलं, जातीवरून होतं ते गेलं, 'यांना फटके दिले पाहिजेत' गेलं. उरलं ते असं, की कोपऱ्यावरचं गटार दिवाळीपासून उपसलेलं नाही. गटार खरंच उपसलेलं नव्हतं! चार ओळी छापल्या, नगरपालिकेची माणसं आली, काम झालं. गृहस्थ मात्र तणतणत कार्यालयात. "माझ्या पत्रातला प्राण काढून घेतलात तुम्ही." पुढची सहा वर्षं मी दर आठवड्याला त्यांच्या पत्रातला प्राण काढत राहिले आणि ते शिक्का मारत राहिले.

तारेच्या नियमाला एक अपवाद होता. पत्राखाली नाव-पत्ता पूर्ण, आणि त्याखाली दोनदा रेघ ओढून लिहिलेलं: 'नाव छापू नये'. असं पत्र संपादकांच्या टेबलावर जायचं. १९८६च्या पावसाळ्यात एका आश्रमशाळेतून असं कार्ड आलं. मुलांच्या आमटीत डाळ शोधावी लागते, आणि शाळेच्या नावाची पोती मात्र बाजारपेठेतल्या एका दुकानात दिसतात, असा मजकूर. लिहिणारे तिथलेच शिक्षक. बातमीदार सायकलवरून गेला, पंगतीत बसून आमटी बघून आला. पत्र 'एक पालक' या सहीने छापलं. (शिक्षकाला पालक म्हणणं खोटंच होतं. त्याचं मला आजही फार वाईट वाटत नाही.)

तिसऱ्या दिवशी संस्थेचे चेअरमन दोन जीपा भरून माणसं घेऊन आले. हा पालक कोण ते सांगा म्हणाले. संपादकांनी चहा मागवला. चेअरमननी माझा ड्रॉवर उघडायला लावला, तारेवरची कार्डं एकेक करून उपसली, काही खाली टाकली. संपादक शांतपणे विड्याचं पान जुळवत होते. चेअरमननाही त्यांनी दोनदा तंबाखू पुढे केली. तासाभराने जीपा गेल्या. मग संपादकांनी टेबलावरची पानतंबाखूची चंची उलगडली. चुन्याच्या डबीखाली ते कार्ड, चौघडी करून. तासभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. त्या कार्डावर काताचा तांबडा डाग पडला तो पुढे कायम राहिला.

हे सगळं इतकं पाल्हाळ लावून सांगितलं कारण गेल्या मंगळवारच्या पत्रात दोनच खाती धरली आहेत, नाव असलेले आणि नाव नसलेले. आमच्या टेबलावर तिसरं खातं होतं. वाचकाला नाव माहीत नाही, पण छापणाऱ्याला माहीत आहे, आणि तो ते चंचीत ठेवायला तयार आहे.

आता डंपर.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या धाकट्या जावेची मुलगी, तेव्हा चोवीस वर्षांची, पुण्यात खराडीच्या एका कंपनीत रात्रपाळीला होती. कंपनीची कॅब वाघोलीला हमरस्त्यावर सोडते. आतल्या रस्त्याला गाडी वळवायला चालक तयार नसतात. तिथून घर दीड किलोमीटर. म्हणून तिची स्कूटर हमरस्त्यावरच्या एका किराणा दुकानापाशी लावलेली असायची. त्या रात्री दीडच्या सुमाराला स्कूटर काढून ती आत वळत असताना मागून खडीचा डंपर आला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. वाचली.

सकाळी एका दैनिकाच्या फेसबुक पानावर बातमी आली. (तुमच्या नव्हे. नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या दैनिकाचं नाव आलं की तुम्ही ते कापता. मीही कापायची.) बातमी चार ओळींची, नीट दिलेली. मुलीचं नाव नव्हतं, ते योग्यच केलं होतं. मथळा होता, मध्यरात्री डंपरच्या धडकेत दुचाकीस्वार तरुणी गंभीर जखमी.

आम्ही ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकावर बसलो होतो. आत रॉड घालत होते. जाऊ मोबाईल घेऊन बसली होती आणि मला वाटलं नातेवाइकांना कळवतेय. बऱ्याच वेळाने तिने फोन माझ्यापुढे धरला. चार्जिंग नऊ टक्के राहिलं होतं, ते तांबडं झालेलं मला अजून दिसतं. बोट एका ओळीवर होतं. म्हणाली, "अक्का, हा माणूस आपल्याला ओळखतो का?"

ओळ अशी होती: 'रात्री दीड वाजता कुठून येत होती ते पण छापा.'

तिने तोवर सगळ्या प्रतिक्रिया वाचल्या होत्या. त्रेसष्ट होत्या. मोडलेल्या मुलीच्या आईला त्या वेळी दुसरं काय वाचावंसं वाटणार? आपल्या पोरीबद्दल जगात कोणीतरी काहीतरी लिहिलंय, म्हणजे ती वाचणारच.

घरी आल्यावर जुन्या सवयीने मी वही घेऊन बसले आणि त्या त्रेसष्टांच्या थप्प्या लावल्या. बावीस जणांनी लिहिलं होतं 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मुलगी जिवंत आहे हे बातमीच्या दुसऱ्याच ओळीत होतं. वीस जण रस्त्याबद्दल आणि डंपरवाल्यांबद्दल बोलत होते, त्यांतले काही अगदी मुद्द्याचं. सात जण घरबसल्या कर्ज द्यायला निघाले होते. उरलेले चौदा मुलीवर घसरले होते. आणि या चौदांपैकी टोपणनावाचे पाचच. कुणी अमुक वाघ, कुणी तमुक किंग. बाकी नऊ जण पूर्ण नावानिशी, फोटोसकट. ज्या ओळीवर जावेचं बोट होतं तिच्या मालकाचा फोटो बायको आणि लहान मुलीसोबत, देवळाच्या पायऱ्यांवर काढलेला. मुलीच्या हातात फुगा.

त्याला मी निरोप पाठवला. मी त्या मुलीची काकू, ती कामावरून येत होती, एवढंच लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: 'मॅडम मी कुणाचं नाव घेतलं का?'

त्या उत्तरावर मी बरेच दिवस विचार केला. माणूस एका अर्थी खरं बोलत होता. त्याचं नाव, गाव, देवळाच्या पायऱ्या, सगळं उघड होतं. बिननावाची होती ती आमची मुलगी. बातमीतली 'तरुणी'. तिला चेहरा नव्हता, घर नव्हतं, थिएटरबाहेर बसलेली आई नव्हती, म्हणून तिच्याबद्दल काहीही बोलता येत होतं. आधार कार्ड त्याचं घेऊन काय होणार होतं? त्याने ते हसत हसत दिलं असतं.

आणि मग तिलाही नाव मिळालं. संध्याकाळी कुणीतरी लिहिलं, ही आमच्याच सोसायटीतली, अमुक विंगमधली, रोजच उशिरा येते. खाली तिचं नाव. हे लिहिणाऱ्या बाई होत्या आणि त्यांचंही नाव खरंच होतं. आम्ही त्या दैनिकाला फोन केला. उत्तर मिळालं, "ते डिजिटलवाले बघतात, त्यांचा वेगळा विभाग आहे." डिजिटलवाल्यांनी सांगितलं, प्रतिक्रियांवर आमचं नियंत्रण नसतं. मग फेसबुककडे तक्रार. २०२१च्या नियमांप्रमाणे तेव्हा अशा तक्रारीची पोच चोवीस तासांत आणि निकाल पंधरा दिवसांत द्यावा लागायचा. पोच लगेच आली, निकालही आला: मजकुरात नियमबाह्य काही आढळलं नाही. शिमग्याला बोंब मारायची मुभा आपल्याकडे पूर्वीपासून आहे, पण ती एका दिवसाची. इथे शिमगा रोजचा, आणि कवित्व तर कायमचं. गेल्या वर्षी एका स्थळाकडच्यांनी तिचं नाव टाकून शोधलं तेव्हा पहिलं काय वर आलं असेल ते सांगायला नको.

नावसक्तीचा प्रयोग झालेला आहे, तोही चांगल्या श्रीमंत, शिकलेल्या देशात. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांची ओळख पटवणं सक्तीचं केलं. शिव्या थांबल्या नाहीत. २०११ मध्ये तिथल्या एका कंपनीच्या संगणकांतून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, आणि २३ ऑगस्ट २०१२ रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. आपल्याकडे तर सिमकार्ड घेतानाच ओळखपत्र द्यावं लागतं. पोलिसांना माणूस शोधायचा असेल तर आजही शोधता येतो.

नावासकट लिहिणाऱ्याचं काय होतं हेही आपण पाहिलंय. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या एका मुलीने मुंबई बंद राहिल्याबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्यांना लाइक केलं. दोघींनी खऱ्या नावाने. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ कलमाखाली ते झालं ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं, पण मोडलेला दवाखाना कोर्टाच्या निकालाने जुळत नसतो. नाव लावलं की आधी कोणाचं तोंड बंद होतं? देवळाच्या पायऱ्यांवरच्या गृहस्थांचं तर झालेलं मी पाहिलं नाही. आश्रमशाळेतल्या गुरुजींचं मात्र नक्की झालं असतं.

आपलं मराठी वाङ्मय तरी काय सांगतं? गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये त्यांनी स्वतःच्या समाजाला खडसावलं ते 'लोकहितवादी' या सहीने. १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने अविवाहित शिकलेल्या मुलींच्या मनातलं छापून आलं तेव्हा पुण्यात गदारोळ उडाला, आणि ही बाई कोण याचा शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. त्या वेळी आधार लागला असता तर त्या कथा ट्रंकेतच राहिल्या असत्या. तेव्हा टोपणनावाला सरसकट भेकड म्हणू नये. पण त्यांच्या आणि आजच्या अमुक वाघात एक फरक आहे. त्यांचं लिखाण कुणीतरी आधी वाचलं, आणि छापण्याची जबाबदारी स्वतःच्या नावावर घेतली. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक टायपात मुद्रक, प्रकाशक, संपादकाचं नाव असतं ना, १८६७च्या कायद्यापासून चालत आलेलं? ती ओळ मी हजारदा तपासली असेल. तुमच्या फेसबुक पानावरच्या प्रतिक्रियांखाली अशी ओळ कुठे आहे?

नाव घेऊन ठेवणारा भरवशाचा नसेल तर काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. महामार्ग प्राधिकरणाचे अभियंते सत्येंद्र दुबे यांनी २००२ मध्ये रस्त्याच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवलं आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट खात्याखात्यांतून फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा गोळ्या घालून खून झाला. तपासात ते लुटारूंचं काम ठरलं. नाव फुटलं होतं ते मात्र फुटलंच होतं. तक्रारदाराचं नाव जपण्याचा ठराव केंद्र सरकारने त्यानंतर, २००४ मध्ये काढला. एवढ्या मोठ्या कार्यालयात एक चंची नव्हती.

म्हणून माझं मागणं आधार कार्डाचं नाही. तुमच्या संकेतस्थळावर लिहिणाऱ्याने टोपणनाव खुशाल वापरावं. खरं नाव आणि एक फोन नंबर तुमच्याकडे असावा, आणि प्रतिक्रिया वर जाण्याआधी एका माणसाने वाचावी. यंत्राने नव्हे. 'कुठून येत होती ते पण छापा' या वाक्यात एकही शिवी नाही, कुठलं यंत्र ते अडवणार? अपघात, आत्महत्या आणि बायकांवरचे अत्याचार यांच्या बातम्यांखाली तर प्रतिक्रियांचं दारच नको. श्रद्धांजलीसुद्धा नको, जिवंत माणसाला तर नकोच नको.

परवडत नाही म्हणाल. एवढ्या बातम्यांखाली कोण वाचत बसणार? मग एवढी दारं उघडता कशाला? दिवसाकाठी दोन बातम्यांखाली चर्चा ठेवा. मी शंभर पत्रांतली सहा छापायची आणि तरी लोक लिहायचे. उलट आपलं सहात यावं म्हणून नीट लिहायचे. आणि हे काम कंटाळवाणं आहे असं समजू नका. शिव्या काढल्यावर खाली गटार निघतं. लंडनच्या 'गार्डियन'ने २०१६ मध्ये स्वतःच्या संकेतस्थळावरच्या सात कोटी प्रतिक्रिया तपासल्या; सर्वांत जास्त अपशब्द वाट्याला आलेल्या त्यांच्या दहा लेखकांत आठ बायका निघाल्या आणि उरलेले दोघे कृष्णवर्णीय पुरुष. हे त्यांना कळलं, कारण नको ते अडवायला तिथे माणसं बसवलेली होती आणि काय अडवलं याची नोंद होती. तुमच्याकडे अशी नोंद आहे का, एवढं तरी पत्राखाली संपादकीय टीप म्हणून छापा.

माणूस मिळत नसेल तर मी सकाळी नऊ ते अकरा येऊन बसेन. वय अडुसष्ट आहे, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली आहेत, मराठी टायपिंग येतं. मानधन नको, चहा तुमचा.

माझं पूर्ण नाव, पत्ता आणि मोबाईल नंबर सोबतच्या वेगळ्या कागदावर दिला आहे. फोन करून खात्री करून घ्या. दुपारी दोन ते चार मात्र नको, मी झोपलेली असते. नाव छापू नये. आमच्या आडनावाचं त्या सोसायटीत एकच घर आहे, पोरगी आत्ता कुठे काठीशिवाय जिना उतरायला लागली आहे, आणि ती परत रात्रपाळीला जाते. तो कागद कुठे ठेवायचा ते तुम्ही ठरवा. तंबाखू खात असाल तर सोपं आहे.

— एक वाचक, पुणे
(नाव व पत्ता कार्यालयात)